पोळ्याच्या रंगाखालचा नंबर

बाबांच्या जीपनं जीव सोडला तो तुमसरच्या रस्त्यावर, भर दुपारी, आत नऊ सवाऱ्या असताना. कनेक्टिंग रॉड तुटला, आतून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव अंगावर, आदळला आणि मूठ जाईल एवढं भोक पाडून बाहेर आला. सगळं तेल डांबरावर सांडलं. मी तेव्हा साकोलीला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथे मी शिल्पनिदेशक आहे, फिटर ट्रेडचा. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणजे विशीतल्या पोरांना वर्षभर एकच गोष्ट सांगत राहायची, लोखंड हळू घासा, घाई करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी मला हसलं तर मी त्याला अडवणार नाही.

"बाबू, इंजन गेलं," बाबा फोनवर म्हणाले.

"काय झालं नेमकं?"

"गेलं म्हणजे गेलं. आता फोनवर पोस्टमार्टम करतं का?"

आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखाली. गाव ते तुमसर या रस्त्यावर बाबांनी तीस वर्षांच्या वर काळी-पिवळी चालवली. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, 'डायवर' म्हणतात, आणि त्या शब्दात जेवढा मान मावतो तेवढा मला सरकारी ओळखपत्र गळ्यात घालूनही कधी मिळाला नाही. गाडी चालवण्यापेक्षाही त्यांचा कान मोठा. आसपासच्या पाच गावांतून लोक पाण्याचे पंप, मळणीयंत्रं, मोटारसायकली घेऊन आमच्या अंगणात यायचे. बाबा स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि कुठं काय बिघडलंय ते सांगायचे. पैसे घेत नसत. कुणी भाजी आणून दिली तर ठेवून घ्यायचे, नाही तर नुसत्या चहावर काम. त्यांच्या वयाचे गावातले बहुतेक जण पारावर बसून सुनांच्या चुगल्या करतात. बाबांना त्या पारावर कधीच बसायचं नव्हतं.

आईनं त्याच संध्याकाळी मला वेगळा फोन केला. ती कमी बोलते, पण बोलली की नेम धरून बोलते.

"इंजन नाई भेटलं तं तुहा बाप सहा महिन्यात म्हातारा होते पाह्य."

प्रश्न एवढाच होता, आणि तो इंजिनाचा नव्हताच. गाडीच्या परमिटला अजून अवकाश होता. पासिंग, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, दोन महिन्यांवर होती. तेवढ्यात दुसरं इंजिन शोधून, बसवून, कागदावर चढवून गाडी भंडाऱ्याला आरटीओत उभी करायची होती. ते जमलं तर बाबा 'डायवर' राहणार होते, नाही तर ओसरीवरचे आजोबा.

ब्लॉकच फुटल्यामुळे दुरुस्तीचा विषय संपला होता. त्या जातीचं नवीन इंजिन आता कुठे बनत नाही. मग आम्ही नागपूरला जुन्या सामानाच्या बाजारात तीन चकरा मारल्या. तिथे इंजिनं वांग्यांच्या ढिगासारखी पडलेली असतात, आणि प्रत्येक दुकानदार त्याच्या ढिगाबद्दल एकच वाक्य बोलतो, "चालू हालत में है." डिझेलचा डबा वर टांगून ते तुम्हाला इंजिन सुरू करूनही दाखवतात. बाबांनी पहिलं ऐकलं आणि मान हलवली. दुसरं ऐकलं, तर म्हणाले, "याच्यात वाळू हिंडली आहे." तिसरं खरोखर चांगलं होतं. बाबांचा चेहरा उजळलेला मी पाहिला, आणि मीच विचारलं, कागद कुठाय? दुकानदार हसला. कागद नव्हता. ज्या गाडीतून ते काढलं तिचा पत्ता नव्हता. असं इंजिन आरटीओत चढत नाही.

मग मी माझी विद्या बाहेर काढली. एका नव्या छोट्या व्हॅनचं हलकं इंजिन मिळत होतं, कागदासकट. गिअरबॉक्सला ते सरळ जुळत नव्हतं, पण मधे एक प्लेट बनवली तर जुळलं असतं. मी वर्कशॉपमध्ये तिचं ड्रॉइंग काढलं, भोकांची मापं घेतली, आणि रविवारी तो कागद बाबांपुढे ठेवला. मला वाटलं, खूष होतील.

"जीपले व्हॅनचं काळीज लावतं का?" बाबा म्हणाले. "अन् नऊ मानसं बसवून किल्ल्याचा चढ कोन चढवन, तू मांगून ढकलशीन?"

मला राग आला. खरं सांगायचं तर बाबा बरोबर होते, आणि परमिटवर वेगळ्या जातीचं इंजिन चढवणं ही वेगळीच डोकेदुखी होती. पण मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दिवसभर त्यांच्याशी तुटकच बोललो. बापलेकांत असले रुसवे फार स्वस्त असतात.

पवनीचं इंजिन बाबांच्या कानावर आलं ते एका सवारीकडून. तिथे धानाच्या गिरणीत एक जुनं जीपचं इंजिन आहे, आमच्याच जातीचं. गिरणीवाल्यांनी कधीकाळी जीप घेतली होती. बॉडी सडली तेव्हा इंजिन काढून त्यांनी गिरणीला जोडलं, वीज गेली की त्याच्यावर धान काढायला. आता वीज फारशी जात नाही, त्यामुळे ते नुसतं उभं असतं, पण दर आठवड्याला सुरू करतात. आम्ही बसनं गेलो. गिरणीवाले बाबांपेक्षा वयानं मोठे, कोंड्यानं भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या.

बाबांनी त्या इंजिनाची चौकशी केली ती सोयरिकीला गेल्यासारखी. कुणाच्या हातात असतं? डिझेल कुठलं? उन्हाळ्यात झाकून ठेवता का? किती घरं फिरलं? गिरणीवाल्यांना ही चौकशी फारच आवडली.

"एकच घर, आमचं," ते म्हणाले. "पोरानं ट्रॅक्टर घेतला, बैल इकले. मंग पोळ्याले मी पूजा कोनाची करू? मी याचीच करतो. दरसाल रंग, दरसाल हार, पुरनपोळीचा निवद."

ते खरंच होतं. इंजिन धातूचं आहे हे सांगावं लागेल इतका रंग त्याच्यावर चढला होता. पिवळ्यावर लाल, लालवर हिरवा, त्याच्यावर बैलाच्या पाठीवर मारतात तसे हातांचे पंजे. कडांवर थर असे जमले होते की बोल्टांची डोकी गोल झाली होती. माझ्या मनात शंका होत्या, आणि मी त्या बाबांना बाजूला घेऊन सांगितल्या. गिरणीचं इंजिन वर्षानुवर्षं एकाच वेगानं चालतं, ते झिजतं एकाच जागी, चढावर ते ओढणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं. मग स्क्रूड्रायव्हर लावून ते इतका वेळ ऐकत राहिले की गिरणीवाले मला खुणेनं विचारू लागले, झोपले काय?

"हेच," बाबा म्हणाले. "एका घरी राह्यलेलं जनावर आहे."

गिरणीवाले आत गेले आणि देवघरातून पिवळ्या फडक्यात बांधलेलं त्या जीपचं आरसी बुक घेऊन आले. त्यात इंजिनाचा नंबर होता, सही-शिक्क्यासकट. माझा विरोध तिथेच संपला. कागदासकट इंजिन मिळालं होतं. मी फक्त विचारलं, नंबर इंजिनावर कुठे आहे. त्यांनी ब्लॉकच्या कुशीवर एका सपाट पट्टीवर बोट ठेवलं.

"रंगाखाली असन. जाते कुठी?"

तेव्हाच, तिथेच, मी रॉकेल आणि चिंधी मागून बसायला हवं होतं. पण ज्या माणसानं इतकी वर्षं त्याला निवद दाखवला, त्याच्या समोर त्याचा रंग खरवडायचा कसा? बाबांनी नजरेनंच मला नको म्हटलं, आणि मलाही ते पटलं. टेम्पोत चढवताना गिरणीवाल्यांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते कोंड्यावर ढकललं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी आणि मी मिळून ते इंजिन बसवलं. मी आयुष्यात शेकडो पोरांना हत्यारं धरायला शिकवली, पण बाबांच्या हाताखाली काम करताना मला पुन्हा पान्ह्याचे नंबर विचारावे लागत होते, आणि त्यात मला सुखही वाटत होतं. पाचव्या दिवशी जीप सुरू झाली. बाबांनी आईला पुढे बसवलं, मला मागे, आणि शेजारच्यांना भरून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत एक फेरी मारली. चढावर ते इंजिन असं ओढत गेलं की मागच्या बायका ओरडल्या. माझं शास्त्र चुकलं होतं. चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. तेवढंच. बोलून दाखवण्याचा स्वभाव नाही त्यांचा.

पासिंगची तारीख दुसऱ्या आठवड्यात होती. आरटीओत इन्स्पेक्टर नंबरावर कागद धरतात आणि पेन्सिल घासतात, म्हणजे अक्षरं कागदावर उमटतात. तो ठसा बुकाशी जुळला की काम झालं. आदल्या दिवशी दुपारी बाबांनी मला पद्धत सांगितली. रॉकेलात भिजवलेली चिंधी त्या पट्टीवर बांधायची, सकाळपर्यंत ठेवायची.

"रंग आपल्या मनानं फुगते. मंग बांबूच्या कामटीनं काढायचा. लोखंड नोको लावू त्याले."

एवढं सांगून ते तळ्यावर आंघोळीला गेले. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. मी शिल्पनिदेशक, आणि मला कामटी! वर्कशॉपमधून आणलेला हातग्राइंडर तिथेच होता. त्याला आधी तारेचा ब्रश लावला, पण रंगाच्या चिकटपणानं तारा लगेच भरून गेल्या. मग मी चकती लावली. फक्त वरचा थर काढायचा, बाकी चिंधीनं, असं स्वतःला सांगितलं. हिरवा गेला, लाल आला. लाल गेला, पिवळा आला. दर थराखाली नवा रंग निघत होता आणि मला त्याची मजा वाटायला लागली, लहानपणी भिंतीचे पोपडे काढताना वाटायची तशी. नंबर खोल असेल असं मी गृहीत धरलं होतं. तो हातानं ठोकलेला, उथळ होता, आणि रंगाखाली दमट कोंडा बसून गंजानं त्याला आधीच अर्धा खाल्ला होता. पिवळ्यानंतर एकदम चकचकीत लोखंड दिसलं. सपाट, गुळगुळीत. मी एखाद्या पोराला शंभरपैकी शंभर दिले असते इतकं गुळगुळीत. शेवटचा एक सात उरला होता, आणि त्याच्या अलीकडे कशाचा तरी अर्धा पाय.

मी ग्राइंडर बंद केला. पट्टीवर बोट फिरवून पाहिलं, मग नखानं, मग टॉर्च तिरका धरून. काही नव्हतं.

बाबा आले ते ओला पंचा खांद्यावर टाकून. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. अंगठा त्या पट्टीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मला वाटलं, आता शिवी येईल. माझी तयारी होती. किंबहुना मी तिची वाट पाहत होतो.

"चाय पेला का तू?" ते म्हणाले.

चहा पिताना मीच बोललो. माझ्या वर्कशॉपमध्ये शून्य ते नऊ आकड्यांचे पंच आहेत, लाकडी पेटीत. नंबर बुकात आहे. रात्रीपर्यंत साकोलीला जाऊन आणतो, दहा मिनिटांत ठोकतो, वरून थोडा गंज चढवतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.

"मले कळन ना," बाबा म्हणाले.

"बाबा, नंबर तोच आहे. खोटं काय आहे त्याच्यात?"

"त्या मानसानं त्याची पूजा केली. आपण त्याले चोराचं करून टाकाचं का? उद्या पकडलं तं त्याच्या दारात पोलीस जातीन. नोको."

मी वाद घातला, आवाजही चढवला. बाबा कप विसळून आत ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो, कारण न जाण्यानं काही सुटत नव्हतं. इन्स्पेक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद धरला, पेन्सिल घासली. नुसता करडा पट्टा आला. पुन्हा घासली. तिसऱ्यांदा कागद बदलून. मग त्या सरळ उभ्या राहिल्या.

"काका, नंबर खोडलेला आहे."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बाबा पुढे झाले.

"मीच खोडला, मॅडम. रंग काढाले गेलो अन् ग्राइंडर लागला. म्हातारा मानूस, हात हालते."

बाबांचा हात हलत नाही. आजही नाही. त्यांनी हे का केलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी सरकारी नोकर, इंजिनाचा नंबर खोडणं हा गुन्ह्यातला प्रकार, आणि कुणी पुढे नेलं असतं तर माझी नोकरी पणाला लागली असती. मला ते कळलं, आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. तेवढ्या एका मिनिटापुरतं ते सोयीचं होतं. पुढचं मी नंतर दुरुस्त करीन असं मला वाटलं.

बाई चांगल्या होत्या. गाडी तिथेच अडकवून ठेवता आली असती, त्यांनी ठेवली नाही. काय करता येईल ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. अर्ज, पोलिसांचा दाखला, गिरणीवाल्यांचं प्रतिज्ञापत्र, मग तपासणी, मग नवा नंबर मिळाला तर मिळाला. आम्ही सगळं केलं. हिवाळाभर मी रजा टाकून चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावरचा माणूस रीतसर वागला आणि प्रत्येकानं पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तपासणीतून उत्तर आलं की अक्षरं वाचता येत नाहीत. मला ते आधीच माहीत होतं, मी त्यांच्यावर नखं फिरवली होती. त्यानंतर अर्ज कुठल्या तरी कपाटात गेला. परमिटची मुदत उन्हाळ्यात संपली. जीप अंगणात उभीच होती. बाबा आठवड्यातून एकदा तिला सुरू करायचे, दहा मिनिटं ऐकायचे, बंद करायचे. आवाज सुरेख होता. हेच सगळ्यात वाईट होतं.

पावसाळ्यात तिचे टायर चिखलात रुतायला लागले तेव्हा बाबांनी तिला तुमसरच्या भंगारवाल्याला दिली. मी तेव्हा गावात नव्हतो, आणि मला वाटतं त्यांनी तो दिवस बघूनच निवडला. पोळ्याला मी घरी आलो तर अंगणात नुसता तेलाचा डाग. दुपारी पवनीहून फोन आला, गिरणीवाल्यांचा. बाबांनी स्पीकर लावला, त्यांना तसंच ऐकू येतं.

"डायवर, रंग दिला का त्याले?"

"देल्ला," बाबा म्हणाले. "हिरवा देल्ला औंदा."

आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी दुरुस्त करीन म्हटलं होतं ते राहून गेलं. गावात बाबांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, पारावर, चहाच्या टपरीवर, विचारणाऱ्या प्रत्येकाला: नंबर माह्याच हातानं गेला, वय झालं आता. मी ते त्यांच्या मागे बसून ऐकलं आहे. एकदा घरी म्हणालो, बाबा, मी सांगतो लोकांना खरं काय ते. ते म्हणाले, "तुह्याजवळ पोरं शिकाले येतात. लोकाइले समजलं तं कोन पाठवन?" खरं म्हणजे मीही ते फारसं रेटलं नाही. हळूहळू अंगणात पंप येणं कमी झालं. लोक चांगले आहेत, तोंडावर कुणी काही बोललं नाही. ते सरळ तुमसरच्या मिस्त्रीकडे जाऊ लागले, एवढंच.

परवा, उन्हाळी धानाच्या हंगामात, एक शेजारी पाण्याचा पंप डोक्यावर घेऊन आला. कित्येक महिन्यांनी कुणी आलं होतं. बाबा ओसरीवरून उठले आणि पायरी उतरून खालीही आले. शेजाऱ्यानं पंप माझ्या पुढ्यात ठेवला.

"तूच पाह्य बाबू. डायवरचा हात आता राह्यला नाई."

बाबा पायरीशी थांबले. "हो, त्यालेच दाखव," ते म्हणाले, आणि परत वर जाऊन बसले.

पंपात काही विशेष नव्हतं, एक वॉशर गेला होता. मी तो बदलला. पंप सुरू झाला. शेजारी खूष होऊन बाबांना म्हणाला, "बापापेक्षा पोराचा हात चांगला निघाला, नाई का?"

"मंग!" बाबा म्हणाले.

मी चिंधीनं हात पुसत होतो. ते स्वच्छ झाल्यावरही मी पुसत राहिलो.